अडथळा नसलेल्या घराची पट्टी

उमरखेडकडच्या एका गावात सरपंच बबनराव यांच्या बैठकीत १९६४ साली शहाबादी फरशी बसवण्यात आली. कारण सरकारी होते. तालुक्याहून ‘समतागृह प्रमाणपत्रा’चा अर्ज निघाला होता. नवबौद्ध गृहस्थाला घरात बसवून साहेबांसमक्ष चहा देईल, त्याला प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र असेल त्यालाच पंचायत समितीचे तिकीट, असे बबनरावांना आतल्या गोटातून कळले होते. सारवलेल्या जमिनीवर कोणी बसले तर ती धुता येत नाही. फरशी धुता येते. समतेचा विचार बबनरावांनी असा अगदी पायापासून केला होता.

अर्जाचे सातवे कलम म्हणत होते, ‘बैठक व आतील घर यांत अडथळा नसावा.’ बबनरावांनी दोन दिवस विचार केला आणि माजघराच्या दारातला सागवानी उंबरठा उखडून काढला. आता बैठकीची फरशी दोन बोटे वर, माजघराची सारवलेली जमीन दोन बोटे खाली आणि मध्ये वीतभर चर. साहेब अडखळले तर अडथळा सिद्ध होणार. म्हणून चरावर दगडी पट्टी टाकायला, फरशी बसवणाऱ्या नागोराव गवंड्यालाच सांगितले. नागोराव छप्पन साली बौद्ध झाला होता. गावाने त्याचा नवा धर्म मान्य केला होता, बसायची जागा तेवढी जुनी ठेवली होती.

“पट्टी अर्धी बाहेर, अर्धी आत,” नागोराव म्हणाला. “आतली कड भराले मले माजघरात बसा लागते.”

“आत माहे देव हायेत,” बबनरावांच्या पत्नी कोकिळाबाई दाराआडून म्हणाल्या. “आत पाय पडू द्याचा नाई.”

“मी भरतो आतली कड,” बबनराव म्हणाले. त्यांनी जन्मात थापी धरली नव्हती.

“भरा. सिमिट कालवून देतो.”

कोकिळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. नागोरावाने पाणी घातलेले सिमेंट माजघरात जाणार कसे? तेव्हा असे ठरले की बाहेरची कड नागोराव सिमेंटने भरेल आणि आतली कड घरधनी स्वतः शेणमातीने भरतील.

“फरशीवर पानी सांडलं तं ते आत जाईन,” नागोराव म्हणाला.

“पानी सांडते कोन, नागो?” बबनराव म्हणाले.

चौथ्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. चहाला बसवायचा नवबौद्ध गृहस्थ म्हणून नागोरावालाच बोलावले होते. साहेबांचे आडनाव कोकिळाबाईंनी आधीच विचारून घेतले होते, त्यामुळे ते पट्टीवरून आत जाऊन बाहेर आले तरी चालले. ते अडखळले नाहीत.

“बसा, नागोरावजी,” बबनराव म्हणाले.

चहा आला. दोन कप फुलाफुलांचे होते, तिसऱ्याचा कान तुटलेला होता. तो एरवी गोठ्याच्या भिंतीवर पालथा असे. नागोरावाने तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. “घरून पिऊन आलो,” तो म्हणाला. बबनरावांचा जीव टांगणीला लागला. पण अर्जात ‘चहा दिला काय?’ एवढेच विचारले होते. प्यायला की नाही याला रकानाच नव्हता. साहेबांनी ‘दिला’ असे लिहिले, खाली ‘अडथळा आढळला नाही’ असा शेरा मारला आणि ते गेले.

जीपची धूळ बसायच्या आत कोकिळाबाईंनी फरशीवर एकवीस घागरी पाणी ओतले. पाणी पट्टीपाशी गेले, सिमेंटखालून वाट मिळेना म्हणून वरून पलीकडे उतरले, शेणमाती घेऊन माजघरात शिरले आणि चुलीला वळसा घालून थेट देवांपर्यंत पोचले. सगळीकडे चिखल झाला.

“हे तं त्याच्या बसल्या जागेचं पानी,” कोकिळाबाई मटकन बसल्या. “आता हे कायनं धुवाचं?”

देव, चूल आणि अंथरुणे बैठकीत आली. जिथे नागोराव बसला होता तिथेच भाकऱ्या होऊ लागल्या. आठव्या दिवशी बबनरावांनी त्याला बोलावले. “आतली कड भरून दे बाबा. आत ये, बस, मी काही म्हणत नाई.”

नागोराव वाकला, पट्टीच्या बाहेरच्या कडेवरून त्याने बोट फिरवले. “माही कड केसभर हालली नाई, सरपंचजी. आतली तुमची होती,” तो म्हणाला आणि निघून गेला.

तिकीट बबनरावांनाच मिळाले. प्रमाणपत्र होतेच.

आजकाल घरभर एकच फरशी असते, पट्टी लागत नाही. बबनरावांना हसून झाले असेल तर जरा उठा. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप कुठे पालथा आहे, तेवढे पाहून या.