एस्तेरमावशींचा डबा

भारताची पाचवी विकेट पडली की एस्तेरमावशी उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि डबा भरायच्या. डब्यात चिवडा असे, बेसनाचे लाडू असत, कधी नुसती वांग्याची भाजी. मग कुंपणावरून हाक यायची, "इंग्लिश मीडियम, ये लवकर. पेशंट सिरीयस आहे."

इंग्लिश मीडियम म्हणजे मी. पेशंट म्हणजे भारतीय संघ. मावशी मिशनच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि शरणपूर भागात आमच्या शेजारच्या बैठ्या घरात एकट्या राहत होत्या. तीन विकेट गेल्या तर पेशंटला ताप असे, पाच गेल्या की सलाईन लागे, आणि शेवटची जोडी मैदानात आली की मावशी म्हणत, "आता नातेवाइकांना बोलवा."

त्यांचा सिद्धांत साधा होता. आपण कोणाला तरी काही दिलं की सामना फिरतो. पण ज्याच्यावर आपलं आधीच प्रेम आहे त्याला दिलं तर एखाद-दुसरी धाव. चौकार हवा असेल तर न आवडणाऱ्या माणसाला द्यावं लागतं. आणि हातचा गेलेला सामना परत आणायचा असेल तर ज्याचं तोंड पाहवत नाही अशाच्या दारात डबा पोचला पाहिजे.

हे त्यांना कळलं कसं, तर सॉलोमनसरांमुळे. सॉलोमनसर आमच्या चर्चमध्ये गायनवृंद बसवायचे. त्यांनी एका नाताळाच्या आधी सगळ्यांदेखत मावशींना सांगितलं होतं की सिस्टर, तुम्ही नुसते ओठ हलवा. मावशींनी दीड वर्ष त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी वैऱ्यांवर प्रीती करण्याबद्दल उपदेश केला आणि त्याच दुपारी सामना होता. मन खात होतं म्हणून मावशींनी माझ्या हाती सरांकडे लाडू पाठवले. मी बेल वाजवली आणि आतल्या टीव्हीवर भारताच्या नवव्या क्रमांकाच्या खेळाडूनं षटकार मारला. सामना आपण जिंकलो.

मी एकदा घाबरत म्हटलं की मावशी, ही अंधश्रद्धा नाही का? मावशींना तो शब्द खपत नसे. ख्रिस्ती माणसात असलं काही नसतं, असं त्या बजावून सांगत. रिक्षाला लटकवलेलं लिंबू-मिरची पाहून त्यांनी एका रिक्षावाल्याला विचारलं होतं की बाबा, याचं लोणचं का घालत नाहीस? मला त्या एवढंच म्हणाल्या, "अंधश्रद्धा नव्हे, अनुभव."

पाळकसाहेबांनीही समजावून पाहिलं. देव दोन्ही संघांचा असतो, म्हणाले. मावशींनी ते लगेच मान्य केलं. "असू द्या की, पण डबा आपल्याच बाजूनं जातो ना?" पुढच्या सामन्यात त्यांच्याकडेही डबा गेला. तो सौम्य डोस होता, असं मावशींनी मला खाजगीत सांगितलं.

सॉलोमनसर मात्र एका मोसमात अंगानं चांगलेच सुटले. उपासना संपली की ते मला गाठून हळूच विचारायचे, "काय गं, या आठवड्यात भारत संकटात आहे का?"

मला या कामाची धास्ती वाटे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अबोल, मराठीत एकोणसत्तर की एकोणऐंशी यात अडखळणारी. अनोळखी दार उघडलं की मी पायपुसण्याकडे पाहूनच बोले. पण मावशींना नाही म्हणायला तर त्याहून जास्त बोलावं लागलं असतं. म्हणून मी एक वाक्य पाठ केलं होतं, "एस्तेरमावशींनी दिलंय." एवढं म्हणून मी फाटकाकडे वळायची. डबा दुसऱ्या दिवशी परत यायचा आणि अर्थातच रिकामा यायचा नाही. कोणी साखर घालून पाठवी, कोणी चार पेरू. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

एकच डबा असा होता की जो कुठल्याही सामन्यात बाहेर पडला नव्हता. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर तो उभा असे. जाड पत्र्याचा, स्टीलचा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं: सगुणाबाई. हे मावशींच्या आईचं नाव. त्याची गोष्ट मला माझ्या आईनं सांगितली.

मावशींचा धाकटा भाऊ, विल्सनमामा, ओझरच्या विमान कारखान्यात होता. दोघांची आई आजारी पडली तेव्हा ती मावशींकडे होती. मावशींनी नाडी पाहिली, इतक्या वर्षांच्या अनुभवानं ठरवलं की अजून वेळ आहे, भावाची रात्रपाळी चालू आहे, त्याला सकाळी कळवू. सकाळपर्यंत आई गेली. कबरस्तानात मामा एवढंच म्हणाले, "तू सिस्टर असशील, पण मी मुलगा होतो." त्या नाताळात मावशींनी आईच्याच डब्यात करंज्या भरून ओझरला पाठवल्या. डबा परत आला. स्वच्छ घासलेला, पुसलेला आणि रिकामा.

त्याला अकरा वर्षं झाली होती. मामा आता निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला आले होते. लग्न त्यांनीही केलं नव्हतं. चर्चमध्ये ते उजवीकडच्या बाकावर बसत, मावशी डावीकडे. उपदेश लांबला की मावशी पर्समधून लिमलेटची गोळी काढत. कागदाचा चुरचुर आवाज होई. थोड्याच वेळात उजवीकडूनही तसाच आवाज येई. लहानपणी आई दोघांच्या मध्ये बसून गोळ्या द्यायची म्हणे.

मग तो मोठा अंतिम सामना आला. आमची अर्धी आळी मावशींकडे टीव्हीसमोर होती. समोरच्यांनी धावांचा डोंगर रचला आणि आपले गडी पटापट जायला लागले. तीन डबे गेले. सॉलोमनसरांकडे तर दोनदा गेले. काही होईना. शेवटी मावशींनी स्टुलावर चढून वरचा डबा काढला, पदरानं पुसला, त्यात चिवडा भरला आणि मांडीवर घेऊन बसल्या. मी चपला घालून दारात उभी होते. त्यांनी मला जा म्हटलं नाही. सामना संपला, माणसं उठून गेली, तरी डबा मांडीवरच होता.

"औषध घरात होतं," मावशी म्हणाल्या. "मी दिलं नाही."

त्या क्रिकेटबद्दलच बोलत होत्या का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तीन-चार महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी, कुंपणावरून हाक आली. मी गेले तर टीव्ही चालू, आवाज बंद. पडद्यावर आपली सहावी विकेट पडत होती. टेबलावर सगुणाबाईंचा डबा भरून तयार. झाकण लावायच्या आधी मला आत करंज्या दिसल्या.

करंज्या विकेट पडल्यावर दहा मिनिटांत होत नाहीत. अर्धा दिवस जातो. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हा सामना मी आदल्याच दिवशी पप्पांबरोबर पाहिला होता. तो आपण जिंकलो होतो. केबलवाले तो पुन्हा दाखवत होते.

"मावशी, ही तर..." मी म्हटलं.

"विल्सनकडे," त्या झाकण दाबत म्हणाल्या. "विचारलंच तर सांग, मॅच चालू आहे."

मी स्कूटी काढली. मामांनी दार उघडलं आणि आधी डबा पाहिला, मग मला. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी डबा हातात घेतला नाही. झाकणावरच्या नावाकडे पाहत राहिले.

"सगळ्या मंडळीला तिचे डबे गेले," ते म्हणाले. "आज माझी आठवण झाली? किती विकेट पडल्या?"

मावशींनी सांगितलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते दिलं असतं तर मामांनी दार लावलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि खरं सांगितलं तर मावशींची लाज मी चव्हाट्यावर मांडणार होते.

"मामा, मॅच कालची आहे," मी म्हटलं. "जिंकलेली आहे."

मामा डबा माझ्या हातातून घेऊन आत गेले. मी पायरीवर उभी राहिले. आतून नळाचा आवाज येतो का, याकडे माझे कान लागले होते. डबा धुतला तर तो पुन्हा स्वच्छ, पुसलेला आणि रिकामाच परत यायचा. नळ सुटला नाही. मग एक कपाट उघडलं.

मामा बाहेर आले, डबा माझ्या हातात दिला. "तिला म्हणावं, घाईत धुतला नाही," ते म्हणाले. त्यांच्या मिशीला करंजीचं सारण लागलं होतं.

परत येताना प्रत्येक गतिरोधकावर डबा पिशवीत खडखडत होता. तो आवाज मला इतका आवडला की शेवटचे दोन गतिरोधक मी मुद्दाम जोरात घेतले.

मावशी फाटकात उभ्या होत्या. सामना चालू असताना खुर्ची सोडायची नाही हा त्यांचा नियम. पण आत टीव्ही बंद होता. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पिशवीकडे पाहिलं. मी डबा काढून दिला. त्यांनी तो उघडला नाही. कानाजवळ नेऊन एकदा हलवला.

"लिमलेट," त्या म्हणाल्या.

मग फाटकाला टेकून त्यांनी पुन्हा एकदा हलवून पाहिला. मी सांगितलं, घाईत धुतला नाही म्हणाले.

"लहानपणापासून आळशी आहे तो," मावशी म्हणाल्या, आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत गेल्या.