जोडायचा की घ्यायचा

देविदास नानांच्या चपलांचे तळ जुन्या टायरचे आहेत, पट्टे कुणाच्या तरी फाटक्या दप्तराचे आहेत आणि अंगठे माझ्या दुकानात उरलेल्या कॅनव्हासचे आहेत. चालताना डावी चप्पल 'चट्' करते आणि उजवी नुसता सुस्कारा टाकते. त्यामुळे नाना जिना उतरायला लागले की मला मशीनवरून मान वर करावी लागत नाही. चट्-फुस, चट्-फुस ऐकू आलं की मी समोरच्या बाईला सांगते, "माप आत्ताच देऊन टाका ताई, नंतर तासभर जमायचं नाही."

जळगावात आमच्या गल्लीत खाली माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि वर नाना राहतात. नाना मूळचे धुळ्याकडचे. माझ्याशी ते बोलतात साधं मराठी, पण तत्त्वाची गोष्ट निघाली की अहिराणीत शिरतात. तत्त्व एकच आहे. "बठ्ठं तयारच लेवानं, ते हात कसाले शेतस?" सगळं तयारच घ्यायचं तर हात कशाला दिलेत, असा त्याचा अर्थ. छत्री, शेगडी, देवघर, उंदराचा सापळा, सगळं त्यांनी घरी जोडलेलं. सापळ्यात अजून उंदीर सापडलेला नाही, पण नानांचा अंगठा दोनदा सापडला आहे.

सिंधूकाकू, म्हणजे नानांची बायको, होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांनी तयार आणलेली वस्तू घरात मी एकटीच. मलाही उघडून बघायचं मनात असेल यांच्या, पण पाना सापडला नसेल." काकूंपुढे नाना एकूणच कमी बोलत.

नोकरी त्यांनी वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत केली. तिथे काय बनवायचात विचारलं की "गुपित शे", गुपित आहे, एवढंच म्हणायचे. तिथपर्यंत ठीक होतं. पण रिटायर झाल्यावर ही सवय घरात आली. नाना, पिशवीत काय आहे? गुपित शे. नाना, जेवायला काय केलंत? गुपित शे. एकदा डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय, तर तिथेही आधी गुपितच होतं.

माझ्यावर मात्र त्यांचा जीव, कारण मी शिवते. म्हणजे त्यांच्या हिशेबात आम्ही दोघं एका जातीचे, जोडणारे. मी स्वतःसाठी दर दिवाळीला दोन रेडिमेड ब्लाऊज आणते हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. गुपितं काय एकट्या नानांनीच ठेवायची?

तर काकू गेल्याला काही महिने झाले होते. एके दुपारी नाना चट्-फुस करत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माय, गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा की तयार घ्यायचा?"

माझ्या बोटात सुई शिरता शिरता राहिली. ज्या माणसाच्या मोबाईलमधली उजेडाची बॅटरी चुकून पेटली की मी येऊन बंद करेपर्यंत दिवसभर जळत राहते, त्याला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. आणि विचारायला आला होता ब्लाऊजवालीला.

"तुम्ही गेम खेळणार, नाना?"

"मी कशाला खेळू? मला झाडं बघायचीत."

मग उलगडा झाला. नानांचा एकुलता एक मुलगा प्रशांत हैदराबादला गेम बनवायच्या कंपनीत आहे आणि तिथे तो झाडं बनवतो. गेममध्ये लोक एकमेकांना गोळ्या घालत पळतात, तेव्हा मागे जी झाडं दिसतात ना, ती. एवढी वर्षं नाना गल्लीत सांगायचे, "पोरगा जंगल खात्यात आहे." आता त्यांना ते जंगल बघायचं होतं, आणि ते म्हणे साध्या कॉम्प्युटरला झेपत नाही.

झालं. गल्लीला काम मिळालं. कोपऱ्यावरचे इलेक्ट्रिकवाले शेठ म्हणाले, "तयार घेऊन टाका नाना, गॅरंटी मिळते."

"गॅरंटी म्हणजे काय?" नाना म्हणाले. "वस्तू बिघडणार याची लेखी कबुली."

मी म्हटलं, जोडायला गेलात आणि नाही जमलं तर? त्यावर त्यांनी मला भरताचा दाखला दिला. "भरीत पार्टीला कोणी डबा आणतं का हॉटेलातून? वांगं आपण निवडायचं, पऱ्हाट्या आपण पेटवायच्या, डोळ्यांत धूर आपल्याच जायचा. मग ते भरीत." कापसाच्या काड्यांचा धूर डोळ्यांत गेल्याशिवाय भरीत नाही, हे कुठल्याही जळगावकराला पटतं. मला पटलं. पण म्हणून तयार घ्यायचा नाही असंही त्यांनी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "माय, तयार घेतला तर?"

माझं माहेर धुळ्याचं. एकदा मी निघाले तर नाना पिशवी घेऊन सोबत हजर. जळगावच्या दुकानात भाव विचारायचा आणि धुळ्याला जाऊन तो खोटा पाडायचा, हा त्यांचा जुना शिरस्ता. एरंडोल, पारोळा सगळं मागे गेलं तरी नाना मला मदरबोर्ड समजावून सांगत होते. ते सगळं प्रशांतने त्यांना फोनवर सांगितलेलं होतं. कंडक्टरनेही ऐकलं, बिचाऱ्याला उतरता येत नव्हतं.

दुकानातला तरुण मालक हुशार होता. त्याने एकेक भाग मांडला, शेवटी म्हणाला, "आणि आबा, कूलर वेगळा घ्यावा लागेल."

"कूलर आहे माझ्याकडे," नाना म्हणाले.

"आहे? चांगलंय. हवेचा की पाण्याचा?"

"पाण्याचाच. हवेच्या कूलरने काय होतंय आपल्याकडे?"

दुकानदाराच्या चेहऱ्यावर आदर दिसायला लागला. "मोठा आहे?"

"छातीएवढा. मीच जोडलाय. मे महिन्यात सकाळी चार बादल्या ओतल्या की संध्याकाळपर्यंत बघायला नको. वाळाही यंदाच बदललाय."

त्या मुलाने हळूच एक चपटा डबीएवढा पंखा दाखवला आणि सांगितलं की कॉम्प्युटरमधला कूलर हा. नानांनी तो तळहातावर घेतला. उलटा करून पाहिला. "यात बादली कुठं ओतायची?" त्यांनी विचारलं. मी तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन उभी राहिले.

परत येताना बसमध्ये नाना खिडकीबाहेर बघत बसले, मला वाटलं रागावले. पण संध्याकाळी प्रशांतला फोन झाला आणि तासाभराने चट्-फुस, चट्-फुस. दारातच उभे राहिले. "पोऱ्या हासना वं माय," ते म्हणाले. मुलगा हसला. "मी बादलीचं सांगितलं आणि तो एवढा हसला की त्याला ठसका लागला." त्यांचे डोळे भरले होते. मी पाणी दिलं, तर न पिता तसंच हातात धरून बसले.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण लग्नसराईची शिवणं पडली होती आणि माझं डोकं काही ठिकाणावर नव्हतं. उलट मी वैतागले. कारण पुढे पावसाळा गेला, हिवाळा गेला, केळीचे भाव चढले आणि उतरले, तरी नानांचं आपलं चालूच. आज रॅम ठरली. उद्या प्रशांत म्हणाला नवी येतेय, थांबा. आज जोडायचा पक्का. उद्या वीज गेली तर जोडलेला टिकेल का? रोज संध्याकाळी वर स्पीकरवर बापलेकांचा वाद चालायचा आणि खाली मला काजांची मोजणी चुकायची. एकदा मी तोंडावर म्हटलं, "नाना, लोकांची लग्नं ठरून बारसं झालं एवढ्यात. घ्या एकदाचा."

"घाई कसाले?" ते म्हणाले.

शेवटी प्रशांतलाच दया आली. वडिलांची किती ओढाताण होते म्हणून त्याने तिथून तयार कॉम्प्युटरच पाठवून दिला. खोकं आलं तसं गल्ली जमली. शेठजींनी नारळ फोडला, मी हळदकुंकू वाहिलं. जोडून द्यायला माणूस आला, त्याने चार वायरी खोचल्या आणि पडद्यावर जंगल उभं राहिलं. खोटं कशाला बोलू, पानं हलत होती आणि त्यांची सावलीही हलत होती. नाना खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. प्रशांत फोनवर होताच.

"पाणी कुठून देतो रे यांना?"

"पाणी लागत नाही, नाना."

"बरं. छान आलीत." मग थोड्या वेळाने, "केळी नाही लावली?"

"पुढच्या गेममध्ये लावतो," तो हसून म्हणाला. "चला, झालं ना एकदाचं तुमचं काम? ठेवू?"

तिकडून फोन ठेवला गेला. नानांनी मात्र तो कानाला तसाच धरला होता. गल्ली पेढे खात होती आणि मी एकटी त्यांच्याकडे बघत होते. काकू होत्या तेव्हा पोराशी बोलायच्या त्या, आणि नाना शेजारी बसून "काय म्हणतो?" एवढंच विचारायचे. काकू गेल्यावर फोन नानांच्या हातात आला. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली? घेतली. ठेवू? ठेव. बापलेकांजवळ एवढीच वाक्यं होती. त्यात कुठून तरी हा कॉम्प्युटर आला होता. जोडायचा की घ्यायचा, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी वर्ष काढलं होतं, आणि मी बाई त्यांना रोज म्हणत होते, घ्या एकदाचा.

पुढे काही दिवस जिन्यावर चपला वाजल्याच नाहीत. संध्याकाळी वरून आवाज यायचा तोही मोजका. जेवलो. घेतली. ठेव.

मग एका रविवारी सकाळी वर ठोकाठोक सुरू झाली. मी गेले. खाटेवर सिंधूकाकूंची गोधडी अंथरली होती आणि तिच्यावर तो कोरा करकरीत कॉम्प्युटर सुटासुटा मांडून ठेवला होता. नानांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि मोबाईल उशीला टेकवून ठेवला होता. त्यात प्रशांत डोकं धरून बसलेला दिसत होता.

"नाना, चालत होता ना हो?" मी म्हटलं.

"चालत होता."

"मग?"

"उघडला."

"गॅरंटी गेली ना, नाना," तिकडून प्रशांत म्हणाला. त्याला रागवायचं होतं, पण रागवायला कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचत नव्हतं. "बरं, आता मी सांगतो तसं करा. तो हिरवा बोर्ड उचला. सरळ धरा. तो नाही, नाना, तो पंखा आहे."

"पंखा काय म्हणतो? कूलर म्हण," नाना म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "आणि हे बघ, बादली आणून ठेवली आहे मी."

तिकडे ठसका लागेपर्यंत हसणं सुरू झालं. मी पाय न वाजवता खाली आले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वर थोडं थोडं काम चालतं. एक भाग बसतो, दुसरा निघतो. काल दुपारी चट्-फुस, चट्-फुस. नाना दुकानात आले, मूठ उघडली आणि एक बारीक स्क्रू माझ्या मशीनवर ठेवला.

"तुझ्या बटणांच्या डब्यात टाक. मी मागितला तरी लगेच देऊ नको."

"का हो?"

"गुपित शे, माय."

मी स्क्रू डब्यात टाकला, डबा हुकांच्या मागे सरकवला. संध्याकाळी वरून दोघांचे आवाज यायला लागले.

"नाना, नीट शोधा. खाटेखाली पाहा."

"पाहतो," नाना म्हणाले. "वेळ लागेल. तू ठेवू नको."