टोकाच्या घराला रंग

तिसऱ्यांदा दार वाजवूनही कोणी उघडेना, तेव्हा मेट्रनबाईंनी निकाल देऊन टाकला.

"मावशी घरात नाहीत. उत्तम झालं. काढा ब्रश!"

मेट्रनबाई हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या, मेट्रनपदातून नव्हे. चर्चच्या सेवा मंडळाची सूत्रं त्यांच्या हाती आली त्यापूर्वी मंडळ महिन्यातून एकदा भरायचं, प्रार्थना करायचं, चहा प्यायचं आणि घरी जायचं. आता मंडळाचे सभासद लोकांची गळकी छपरं शाकारत, तुंबलेली गटारं उपसत, आजाऱ्यांना भेटायला जात. मेट्रनबाई स्वतः भेटायला येणार असं कळलं की काही आजारी आदल्या दिवशीच उठून बसत.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी देवाच्या कृपेवर प्रवचन केलं होतं. ही कृपा कोणाला कमवावी लागत नाही, ती मागण्याआधीच मिळते, आणि ज्याला ती मिळाली त्याने पुढे वाटावी, असा त्याचा सूर होता. सगळी मंडळी माना डोलावून घरी गेली. मेट्रनबाई मात्र डोलावलेल्या मानेचा जाब मागणाऱ्या होत्या. उपासना संपताच त्यांना दवाखान्यातल्या नर्सने एका मावशींबद्दल सांगितलं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, घराच्या भिंतींना पोपडे आलेले. "गल्लीच्या अगदी टोकाचं घर," नर्स म्हणाली. मेट्रनबाईंना एवढा पत्ता भरपूर होता. दुसऱ्यांदा विचारणं त्यांना जमत नसे.

गल्लीच्या टोकाला समोरासमोर दोन घरं होती, आणि पोपडे दोन्हीकडे होते. पण गल्लीत शिरताना मेट्रनबाईंची नजर उजवीकडे गेली आणि विषय मिटला.

मंडळींत एक जण धंद्याने रंगारी होता. त्याने शिडी टेकवली, भिंतीवरून हात फिरवला आणि जरा घुटमळला.

"बाई, इथे दारात पुरुषाचे बूट दिसतायत."

"मावशींचे पाय सुजतात. सुजलेल्या पायांना बायकांची चप्पल होते का?"

"नाही म्हणा." रंगारी शिडीवर चढला. दोन पायऱ्यांनंतर थांबला. "बाई, मागे दोरीवर पायजमे वाळतायत."

"एकटी बाई राहते रे. चोरांना वाटावं घरात पुरुषमाणूस आहे, म्हणून घालते वाळत. हुशार आहेत मावशी."

रंगाऱ्याला हे पटलं, इतकंच नव्हे तर आवडलं. त्याने भिंत खरवडायला घेतली. बाकीच्यांनी अंगण झाडलं, वाढलेलं गवत उपटलं, कुरकुरणाऱ्या फाटकाला तेल दिलं. रंग चारपाच घरांतून उरलासुरला जमवलेला होता. तो एकत्र ढवळल्यावर अंड्याच्या बलकासारखा पिवळा धमक निघाला. "प्रसन्न!" असं मेट्रनबाई म्हणाल्या, त्यामुळे तो प्रसन्न ठरला.

थोड्या वेळाने समोरच्या घरातून एक वयस्कर बाई चहाची किटली घेऊन आल्या. अंगाने बारीक, डोळे भारी तरतरीत.

"दमला असाल. घ्या चहा," त्या म्हणाल्या. "कोण म्हणायचे तुम्ही?"

"आम्ही चर्चच्या सेवा मंडळाचे," मेट्रनबाई म्हणाल्या. "इथे राहणाऱ्यांना जगात कोणी नाही ना?"

"कोणी नाही हो. एकटं माणूस."

"स्वभावाने कसं आहे?"

"माणूस चांगलं आहे, पण तिरसट. कोणाकडून काडी घेणार नाही. मागे आजारी पडलं तर मी पेज घेऊन गेले. भांडं तसंच परत."

"स्वाभिमानी आहेत," मेट्रनबाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हणूनच त्या नसताना काम उरकतोय."

समोरच्या बाईंनी 'त्या' हा शब्द ऐकला. किटली हातात धरून त्यांनी क्षणभर विचार केला. मग त्या पिवळ्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तो वरचा कोपरा राहिलाय बघा." आणि आपल्या खिडकीत जाऊन बसल्या.

दुपारपर्यंत तीन भिंती चकाकू लागल्या. रंगारी शेवटचा हात मारत होता तेवढ्यात गल्लीतून एक ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पिशवी घेऊन आले. हे घड्याळजी. सारं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं आणि सुटे भाग आणायला ते अधूनमधून बाजारात जात. ते सरळ चालत आले, पिवळ्या घरापुढे थांबले, परत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथून घरं मोजत मोजत पुन्हा आले आणि पुन्हा त्याच जागी थांबले.

"हे घर कोणाचं?" त्यांनी विचारलं.

मेट्रनबाई या प्रश्नाची सकाळपासून वाट पाहत होत्या. "एका गरीब, निराधार मावशींचं. बिचाऱ्यांना कोणी नाही. आम्ही त्यांना न सांगता रंग देतोय."

घड्याळजींनी पिशवी खाली ठेवली. "निराधार मावशी इथे राहते?"

"हो."

"मग मी कुठे राहतो?"

मेट्रनबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. वॉर्डात असे कितीतरी येऊन गेले होते. त्यांनी घड्याळजींचा दंड धरून त्यांना अंगणातल्या एका खुर्चीवर बसवलं आणि मनगट हातात घेतलं.

"बसा आजोबा. घाबरायचं नाही हं. घरी कोण कोण असतं?"

"कोणी नसतं! हे माझं घर आहे!"

"बरं, बरं. तुमचंच. आणि मुलाचा फोन नंबर आठवतोय का?"

"मला मुलगा नाही!"

"मुलगा आहे हेही विसरलेत," मेट्रनबाई रंगाऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या. "नाडी जोरात चालली आहे. तू पळ, नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात विचार, कोणाचे आजोबा हरवलेत का."

"मी हरवलो नाही! माझं घर हरवलंय!" घड्याळजी ओरडले. "माझी भिंत राखाडी होती!"

"आजोबा, चिडू नका. हे चिडणं म्हणजे त्या आजाराचंच लक्षण असतं."

यावर काय करावं हे घड्याळजींना कळेना. चिडावं तर लक्षण, गप्प बसावं तर घर गेलं. ते एकदम उठले, खिशातून किल्ली काढली, तीन पायऱ्या चढले आणि ती दाराच्या लॅचमध्ये घातली. किल्ली लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. दार उघडलं. आत भिंतीवर असंख्य घड्याळं होती आणि मुहूर्त गाठल्यासारखी ती सगळी एकदम टोले देऊ लागली.

टोले थांबेपर्यंत अंगणात कोणी हललं नाही. रंगाऱ्याच्या ब्रशातून पिवळा थेंब मेट्रनबाईंच्या बुटावर पडला आणि त्यांनी तो पडू दिला.

नेमक्या याच वेळी पाळकसाहेब आले. एका अंत्यविधीहून ते धावतपळत आले होते आणि पुढे एका लग्नाला जायचं होतं. मधल्या मोकळ्या वेळात या कामावर प्रार्थना करायचं त्यांनी कबूल केलं होतं. दार उघडं, दारात माणूस, मंडळी मान खाली घालून उभी. सगळं तयार आहे असं समजून त्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, या घराबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या या विधवा भगिनीचं एकटेपण तू जाणतोस. तिचा दुबळा हात तू धर, तिच्या वृद्ध मुखावर हसू आण…"

मेट्रनबाई खोकल्या. पाळकसाहेबांना वाटलं, त्या गहिवरल्या. त्यांनी प्रार्थना आणखी लांबवली. शेवटी सवयीने रंगारी "आमेन" म्हणाला आणि पाळकसाहेबांनी डोळे उघडले. समोर पांढऱ्या मिशा थरथरत होत्या.

"ही विधवा भगिनी," घड्याळजी म्हणाले, "तुम्हाला काहीतरी विचारणार आहे."

एव्हाना गल्लीतल्या बऱ्याच खिडक्या उघडल्या होत्या. घड्याळजींनी त्या पाहिल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. मघाच्या ओरडण्यापेक्षा तो ऐकायला जास्त जड होता.

"मी कोणापुढे हात पसरला? मला खायला नाही? अंगावर कपडा नाही? आता हे सगळे म्हणणार, म्हातारा चर्चच्या दयेवर जगतो. होतं तसं करून द्या मला. आत्ताच्या आत्ता."

"होतं तसं?" रंगारी शिडीवरूनच म्हणाला. "काका, रंग उतरवून देईन. पण ते पोपडे यायला पुन्हा पावसाळेच्या पावसाळे जावे लागतील. मला नाही येत ते काम."

कोणीतरी खिडकीत फिसकन हसलं. घड्याळजी मात्र हसले नाहीत, आणि मेट्रनबाईही. सगळ्या सेवा मंडळाने पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधताना पाहिलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "एकटीची. पत्ता पुन्हा विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. पण एक ऐका. तुमच्यावर दया कोणी केलेली नाही. दया करायला तुम्ही आहात हे तरी मला माहीत हवं होतं ना? मला तुम्ही ठाऊकच नव्हता."

"हे बरं सांगता!"

"खरं तेच सांगते. तुमची नाडी धरली, त्याचीही माफी मागते. पण ती जोरात होती हे खरं आहे. एकदा दाखवून घ्या."

पाळकसाहेब पायरीवर बसले. लग्नाला उशीर होणार हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी ते सोडून दिलं होतं.

"मी दर रविवारी सांगतो," ते म्हणाले, "की देवाचं प्रेम फुकट आहे, ते फक्त घ्यायचं. आमचा विश्वासच त्यावर उभा आहे. पण खरं सांगू का, देणं सोपं आहे. घेणं भयंकर अवघड. माझ्या मंडळीतले निम्मे लोक अजून देवाला म्हणतात, राहू दे, माझं मी बघतो."

"मी तर तुमच्या मंडळीतलाही नाही."

"नाही ना. आणि आम्ही तुम्हाला व्हायलाही सांगत नाही. भिंतीला काही अट नव्हती."

रंगाऱ्याला मघापासून एक शंका छळत होती.

"पण बाई, मग ज्या मावशींचं घर रंगवायचं होतं, त्या कुठायत?"

"मी इथेच आहे की," समोरच्या खिडकीतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सकाळपासून दोनदा चहा पाजणाऱ्या बाई खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून बसल्या होत्या. त्यांच्या घराच्या भिंतीवरून पोपडा निसटला आणि अंगणात पडला. मेट्रनबाई रस्ता ओलांडून त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही? तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या चहालाच. तुम्ही 'त्या' म्हणालात ना, तेव्हा."

"मग बोलला का नाहीत मावशी? तुमच्या घराचा रंग त्यांच्या घराला गेला!"

"अहो, माझी भिंत मला कुठे दिसते?" मावशी म्हणाल्या. "मी असते आत. सकाळी उठून खिडकी उघडली की मला दिसतं ते यांचं घर. नवरा गेल्यापासून चहा पिताना रोज ते राखाडी पोपडे बघते. आज कोणीतरी देवमाणसं आपण होऊन ती भिंत रंगवायला आली. मी कशाला थांबवू?"

घड्याळजी पायऱ्या उतरून खाली आले. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्या भिंतीला नावं ठेवताय?"

"मनातल्या मनात."

"आणि तुमची स्वतःची भिंत? मी सकाळी दाढी करतो तेव्हा आरशाशेजारच्या खिडकीतून काय दिसतं, माहितीय? त्या छपराखालच्या कोपऱ्यात तर नकाशा उमटलाय ओलीचा. रोज एक देश वाढतो!"

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला लोकांच्या भिंतीत नाक खुपसू?"

"तेच तर."

रंगाऱ्याने शिडी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "काका, मग खरवडू का तुमची?"

घड्याळजींनी वळून आपल्या घराकडे एकदा पाहिलं, मग मावशींच्या खिडकीकडे. "राहू दे," ते पुटपुटले. "मला थोडीच दिसते आहे." आणि लगेच आवाज चढवून म्हणाले, "पण यांच्या घराला हा बलक फासायचा नाही! रोज मला बघायचं आहे. तिथला रंग मी ठरवणार."

"घर माझं आहे," मावशी म्हणाल्या.

"भिंत माझ्या समोर आहे."

मेट्रनबाईंनी तोंड उघडलं, पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि मिटलं. पुढचा शनिवार ठरला.

त्या शनिवारी घड्याळजी सगळ्यांच्या आधी हजर होते. जुनी विजार, डोक्याला रुमाल, हातात स्वतः आणलेला फिका हिरवा रंग. तो रंगही पसंत करण्याआधी मावशींनी त्यांना तीनदा दुकानात परत पाठवलं होतं. त्यांनी रंगाऱ्याला शिडीवरून उतरवलं, स्वतः चढले आणि मेट्रनबाईंना खालून शिडी धरायला सांगितली. मेट्रनबाईंनी धरली. ओलीच्या नकाशावर घड्याळजींनी इतक्या बारकाईने पुट्टी भरली, की दुपार होत आली तरी भिंत अर्धीसुद्धा झाली नव्हती. कोणी घाई केली की ते शिडीवरून नुसते बघत आणि माणूस दुसऱ्या कामाला लागे.

गल्लीतून जाणारे एक गृहस्थ हे पाहून थबकले. या वयात, या उन्हात, इतक्या उंचावर! त्यांना भरून आलं.

"वा! फार पुण्याचं काम करताय," ते म्हणाले. "तुम्ही चर्चचे का?"

"छे!" घड्याळजी ब्रश न थांबवता म्हणाले. "मी फक्त समोर राहतो."