टपालयंत्राने घरचे माणूस कैसे ओळखिले त्याची हकिकत

गणरायास वंदून, घडले ते लिहावे आणि हसू आले तरी लेखणी थांबवू नये, ऐसा निश्चय करोन ही हकिकत लिहिली असे.

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, आमचे बेटावरील मुक्काम फिनिक्स, स्वेटर विणण्याचा कारखाना. थोरले साहेब मेहेरबान सत्यनारायण यांणी विलायतेहून टपालयंत्र आणविले आणि त्याचा कारभार इंद्राणीबाईंस सोपविला. बाई मूळच्या बटणांच्या मेजावरील, परंतु जाडा इंग्रजी ग्रंथ भाताच्या पातेल्याशेजारी ठेवून चार महिने वाचिला आणि विद्या हस्तगत केली. पत्रावरील पत्त्याचे शेपूट, ज्यास डोमेन म्हणतात, ते पाहोन यंत्राने वाट धरावी: घरचे ते फिनिक्सात ठेवावे, शाखेचे ते बेटावरीलच ब्रीझे वेर्दिएर गावास न्यावे, बाकी सर्व टेलिफोनच्या तारेने लंडनास रवाना करावे. ऐशी मसलत ठरली आणि बाईंनी कलमे लिहिली.

मग आकांत जाहला. बाईंची नणंद हिराबाई, लग्न होऊन ब्रीझे वेर्दिएरास गेलेली, तेथील शाखेत लेखनिक. तिणे फिनिक्सास लिहिले की निळी बटणे पाठवावी, आणि रविवारी गातो पिमां तळून आणिते. ते पत्र थेट लंडनास दाखल जाहले, आणि लंडनकरांनी मोठ्या अदबीने पुसिले की गातो पिमां हा माल कोणत्या रंगात मिळतो. डाळीचे तिखट वडे ते, त्यांस रंग काय सांगावा! मागोमाग सात पत्रे गेली, तीही विलायत पाहोन आली.

साहेबांचा हुकूम सुटला की शुक्रवारी चार वाजेतो शाखेचे पत्र फिनिक्सात न उतरल्यास यंत्रावर चादर घालावी आणि बाईंनी बटणांच्या मेजावर परत जावे. बाईंचे तोंडचे पाणी पळाले. तारा ओढिल्या, खटके दाबिले, यंत्रास उदबत्तीही ओवाळली, आणि यंत्र आपले लंडनाच्या नादी.

शुक्रवारी तीन वाजता हिराबाईचा फोन आला आणि तिणे कलमे वाचून दाखविण्याचे फर्मान सोडिले. बाईंनी वाचिले: कलम पहिले, बाकी सर्व लंडनास.

हिराबाई म्हणाली, "अयो वहिनी, बाकीचे पहिले कसे?"

"पाहुण्याला आधी वाढायचं ना. आईंनी तसंच शिकवलंय."

"मशीन वरून वाचत येतं, पहिलं जुळलं की तिथंच थांबतं. बाकी सर्व म्हटलंस की त्यात मी पण आले. घरचं कोण ते आधी सांग की त्याला."

बाईंनी ते कलम तळास नेले, घरचे वर बसविले, आणि देवाचे नाव घेऊन फोन ठेविला. साहेब घड्याळ हाती धरोन मागे उभे. चारास सहा मिनिटे उरली आणि पडद्यावर ओळ उमटली: "वहिनी, घरची म्हणून पोचले का?"

बाईंनी पदराने डोळे पुसिले आणि साहेबांस सांगितले की धूळ फार.

येणेप्रमाणे फते जाहली. चादर घडी करोन कपाटात गेली. पुढील गणेशचतुर्थीस बाईंचे घरी पाहुणे रिवाजाप्रमाणे आधीच जेवले. हिराबाई मात्र लग्नानंतर प्रथमच त्यांचे पंगतीस बसली नाही. मागाहून स्वयंपाकघरात वहिनीशेजारी, पातेल्यातले खरवडून जेवली, हे येथे नमूद असे.