गाव एकवीस मिलिमीटर खचलं

दिग्विजयनं सर्व्हेच्या विषयात दोनदा गटांगळी खाल्ली होती, पण बोलायला गडी कमी नव्हता. कॉलेजचं लेव्हलचं यंत्र, तिपाई आणि आकडे रंगवलेली उंच पट्टी घेऊन तो लोहाऱ्याच्या जीपमधून उतरला आणि पारावर बसलेल्यांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "ह्या यंत्रातनं मिलिमीटर सुटत नसतो. गाव कुठं उंच, कुठं सखल, समदं कागदावर आणतो."

रुबाब असा, की गाव उंचसखल व्हायला आजवर याचीच परवानगी बघत थांबलं होतं!

खरी गोष्ट वेगळी होती. कॉलेजातल्या बिराजदार सरांनी त्याला शेवटची संधी दिली होती. स्वतःच्या गावातल्या दहा ठिकाणांची उंची ओळीनं तीन रविवार मोजायची. तिन्ही वेळा आकडे जुळले तर पास. चार-पाच मिलिमीटरच्या पुढं फरक गेला, तर वर्ष गेलं. वही तपासायला सर स्वतः गावात येणार होते. आणि वर्ष गेलं तर लोहारा-उमरगा रस्त्यावर सीटा भरून धावणाऱ्या वडापच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून बसायचं, हे वडलांनी आईला न सांगता ठरवूनच टाकलं होतं. जीपवाल्याशी बोलणीसुद्धा झाली होती.

आता उंची मोजायची म्हणजे आधी एक न हलणारी खूण लागते. तिची उंची कायमची धरून चालायची आणि बाकीचं गाव तिच्या मानानं मोजायचं. असं न हलणारं काही शोधत दिग्विजय गावभर फिरला. शाळेची पायरी उखडलेली. ग्रामपंचायतीचा ओटा दर निवडणुकीला नवा. शेवटी किराणा दुकानदार धोंडप्पा म्हणाले, "आरं, भूकंपात समदं गाव हाललं, पण मारुती तसूभर हालला न्हाय. त्याच्या पायापशी बसका दगड हाय बघ. तो धर."

दगड शेंदरानं लालभडक होता, पण भक्कम होता. धोंडप्पा सुनेला दुकानात बसवून पट्टी धरायला आले. चपला काढायच्या, दगडाला हात जोडायचे, मगच पट्टी टेकवायची, असा त्यांचा शिरस्ता. पहिल्या रविवारची मोजणी झकास झाली. त्या भरात दिग्विजयनं संध्याकाळी आईला, सारजाबाईला, सगळं खरं सांगून टाकलं. दोनदा नापास झालोय, आता वर्ष जायची पाळी आहे, जीपचं ठरलंय. "व्हईल नीट," आई एवढंच म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

दुसऱ्या रविवारी दहाच्या दहा ठिकाणं सहा मिलिमीटर खाली आली.

दिग्विजयनं भिंग पुसलं, तिपाई हलवली, पुन्हा मोजलं. सहाच. धोंडप्पांनी विचारलं, "काय झालं रं? तोंड का उतरलं?"

"काका, गाव सहा मिलिमीटर खाली गेलंय."

"म्हंजे खचलंय?"

"वही तरी तसंच म्हणतीय."

धोंडप्पांच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी साखरेबरोबर ही बातमी बांधून दिली. भूकंप बघितलेलं गाव ते. जमिनीचं नाव काढलं तरी म्हातारे अंथरूण अंगणात टाकायचे. सोमवारी ग्रामपंचायतीत बैठक बसली आणि तोड निघाली, की गावावरचं वजन कमी करायचं! ट्रॅक्टर शिवाराबाहेर लावले. महालिंगप्पांनी सोयाबीनची पोती माकणीला सासुरवाडीत नेऊन टाकली. देहानं भरलेले माणिकप्पा बसले होते, त्यांच्याकडं बघत सरपंच अदबीनं म्हणाले, "अण्णा, बहिणीकडं जाऊन लई दिवस झाले न्हवं तुमाला?"

बाया मारुतीला साकडं घालायला निघाल्या. सारजाबाई सगळ्यांच्या पुढं.

तिसऱ्या रविवारी गाव एकवीस मिलिमीटर खाली होतं.

"माणिकअण्णा गेले तरीबी?" सरपंचांना पटेना. दिग्विजय यंत्रापाशी मटकन बसला. उद्या सर येणार होते. त्याला समोर लोहारा-उमरगा रस्ता दिसायला लागला, खड्ड्यांसकट. दोन वर्षं आईनं सांगेल तेव्हा पैसे दिले, कधी कशाला विचारलं नाही, आणि आपण तिला हे दाखवणार.

सोमवारी सर उतरले तेव्हा अर्धं गाव पारावर जमलं होतं. सरांनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दहाही ठिकाणं सारखीच खचली? गाव काय लिफ्टमधी बसलंय का?"

दिग्विजय तिपाईचे स्क्रू पिळत राहिला.

"खूण कुठली धरलीस? दाखव."

सर दगडापाशी उकिडवे बसले. बोट लावणार, तेवढ्यात सारजाबाई पुढं झाली. "सर, हात नका लावू. ओला हाय."

"ओला कशानं?"

"कालचा शेंदूर हाय, वाळला न्हाय अजून; आज तुमी येणार म्हणून लावायचा ऱ्हायलाय. रोज पहाटं लावती. बायांनी मारुतीला शिवायचं न्हाय, म्हणून पायापशीच्या दगडाला लावती." तिनं पदर सारखा केला. "नवस हाय. पोरगं पास व्हावं म्हणून."

"कधीपासून?"

"पयल्या रविवारी त्यानं समदं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापून. गाव खचाय लागल्यावर बाकीच्या बायाबी लावाय लागल्या."

"तीन किलो शेंदूर खपला," धोंडप्पांनी भर घातली. "म्या म्हणलं, औंदा भक्ती वाढलीय."

दिग्विजयच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाव जागच्या जागी होतं. दगड वर चढत होता! आणि दगडाची उंची वहीत तीच धरल्यामुळं बाकीचं गाव खाली जाताना दिसत होतं. गाव घाबरलं की बाया शेंदूर लावायच्या, आणि शेंदूर लावला की गाव आणखी खचायचं.

"आई, आता लावायचं थांब."

"तू पास झाल्याबिगर कशी थांबू? नवस मोडत्यात का?"

"अगं, तू थांबल्याशिवाय मी पास कसा होऊ?"



सरांनी खराट्याची एक काडी मागवली. मारुतीला हात जोडून त्यांनी ती शेंदरात हळूच खुपसली. ताजा मऊ थर संपून जुना टणक थर लागला, तशी काडी थांबली. नखानं खूण धरून त्यांनी ती बाहेर काढली आणि खिशातल्या पट्टीवर धरली. मग वही बघितली. पुन्हा काडी बघितली.

"एकवीस," सर म्हणाले. "बरोबर एकवीस. दिग्विजय, बारा वर्षं शिकवतोय, पण शेंदराचा थर मिलिमीटरपर्यंत बिनचूक पकडणारा विद्यार्थी मला भेटला नव्हता. खूण धरायची अक्कल तुला शून्य, पण मोजणी एक नंबर. पास."

दिग्विजयला आधी ऐकलेलं खरंच वाटेना. मग त्यानं भर पारावर आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडला. सारजाबाईनं त्याची पाठ थोपटली. "म्हणलं न्हवतं व्हईल म्हणून? मारुतीनं ऐकलं माझं."

"आई, मोजणी बरोबर होती म्हणून झालो पास. शेंदरानं तर बुडत होतो."

"आरं, पण शेंदूर नसता, तर सरांनी काडीनं मोजलं काय असतं?"

कुणीतरी माणिकप्पांना परत बोलवायला फोन लावला. ट्रॅक्टर गावात यायला लागले.

लोहाऱ्याची जीप हॉर्न देत होती. सर दोन पावलं गेले, थबकले, पोरं बघत नाहीत ना याची खात्री करून माघारी वळले आणि सारजाबाईच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मावशी, माझी पीएचडी सात वर्षं झाली, अडकून पडलीय. तिला साधारण कितीक किलो लागंल?"