शंभर टक्केवाल्याची कढई

"शंभर टक्के! नव्वद नाही, पंचाण्णव नाही, शंभर! आणि तेही कायमचं!" ड्यूई हॅचर ही बातमी अशा थाटात सांगत सुटला, की गडी बोर्डात पहिला आलाय असंच वाटावं.

आखाती युद्धात वाळवंटातून लष्करी ट्रक हाकून त्याच्या पाठीचा आणि गुडघ्यांचा भुगा झाला होता, कानही अधू झाले होते. कित्येक वर्षं भांडल्यावर सरकारनं एकदाचं मान्य केलं: अपंगत्व शंभर टक्के, पूर्ण आणि कायमचं; भत्ता जन्मभर. आता बेत पक्का! शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलवर नेहमीसारखे मासे तळायचे, आणि तळता तळता अख्ख्या आर्कान्सास राज्याला ही बातमी ऐकवायची!

पण मेहुणा क्लीट आडवा आला. क्लीट सैन्यात कधी गेला नव्हता, त्यामुळे त्याला सैन्यातलं सगळं माहीत होतं.

"दाजी, मासे तळणार? वेड लागलंय का? पूर्ण म्हणजे पूर्ण! हातात झारा दिसला की सगळं काढून घेतील. सरकारची साध्या कपड्यांतली माणसं कॅमेरे घेऊन फिरत असतात!"

झालं! ड्यूईची बायको व्हर्ला हादरली. तिनं आधी त्याची कुऱ्हाड लपवली, मग गाडीची किल्ली, मग कुत्र्याची साखळी. शेजारीण सफरचंदाचा केक घेऊन आली, तर तिच्यादेखत ड्यूईला चमच्यानं भरवायला लागली.

"अगं, पाठ मोडलीय, हात नाही!"

"गप्प बस! आ कर!"

शनिवारी तिनं त्याला उसन्या आणलेल्या चाकांच्या खुर्चीत बसवून हॉलवर नेलं. भर जुलैत मांडीवर घोंगडी! आणि त्याच्या कढईपाशी कोण? क्लीट! युद्धावरून परतल्यावर साऱ्या गावात ही एकच जागा होती, जिथं ड्यूईची कुणी कीव करत नसे. मासा कुरकुरीत झाला की नाही, एवढंच विचारत. आता तीही गेली. तो खुर्चीतूनच ओरडला.

"अरे गाढवा, तेल तरी तापू दे!"

"ओरडू नका दाजी, शंभर टक्केवाले ओरडत नसतात!"

तेवढ्यात दारात एक परका माणूस उभा राहिला. काळा चष्मा, गळ्यात भला मोठा कॅमेरा!

"आला!" क्लीट किंचाळला, आणि घाबरून त्याच्या हातातली मक्याच्या पिठाची परात थेट ड्यूईच्या डोक्यावर. ड्यूई पांढराफटक! व्हर्लानं घोंगडी त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि परक्याला हात जोडले. "यांना काही कळत नाही हो! बोलतासुद्धा येत नाही!"

बस्स! ड्यूई उठला. गुडघे कडाडले, पण उठला.

"बोलता येतं! काढ, काढ फोटो! गुडघे दिले देशाला, कढई नाही दिली! काय काढून घ्यायचं ते घ्या, मासे मीच तळणार!" आणि त्यानं क्लीटच्या हातातला झारा हिसकावला.

रांगेत रिकामी प्लेट घेऊन ओपल प्रुइट उभी होती. ड्यूईची केस तिनंच लढवली होती. ती वैतागून पुढं आली. "कुणी भरवलं रे हे तुमच्या डोक्यात? पूर्ण म्हणजे तुझी पाठ, गुडघे, कान मिळून शंभर भरले. कायमचं म्हणजे आता बरं व्हायची आशा नाही, म्हणून पुन्हा पुन्हा तपासायला बोलावणार नाहीत. यात मासे कुठून आले?"

सगळ्यांनी क्लीटकडे पाहिलं. क्लीटनं छताकडे पाहिलं.

"मग हा कोण?" व्हर्लानं विचारलं.

परक्यानं ओशाळून चष्मा काढला. "मी शेजारच्या गावचा. मीही शंभर टक्केच. पाखरांचे फोटो काढतो, पण ओळखू येऊ नकोस असं माझ्याही मेहुण्यानं बजावलंय."

"टाक तो चष्मा!" ड्यूई गरजला. पिठानं माखलेल्या त्या माणसानं तेल तापवलं, मासे सोडले, सोनेरी तुकडे काढले. पहिला मान पाहुण्याचा! सगळा हॉल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

पाहुण्यानं सावकाश चावलं. "कुरकुरीत आहे हो. फक्त... मीठ राहिलंय."

साऱ्या माना ड्यूईकडे वळल्या.

"ते कायमचं नाही!" ड्यूईनं झारा उगारला. "थांब पुढच्या घाण्यापर्यंत!"