दुपारचे साडेबारा सर केले, त्याची हकीकत

ऐकणारांनी पंख्याखाली बसून ऐकावे. ज्यांचे येथे वीज गेली असेल त्यांनी झाडाखाली बसावे, परंतु ऐकावे. इसवी सन दोन हजार पंचवीस, माहे मे, वऱ्हाड प्रांती अमरावती आणि अकोला या दोन शहरांमध्ये जो संग्राम जाहला, ज्यात तलवार निघाली नाही, तोफ डागली नाही आणि तरी एक आख्खी दुपार सर जाहली, त्याची ही हकीकत लिहिणाराने तिखटमीठ न लावता लिहिली आहे. जेथे तिखट लागेल तेथे ते वऱ्हाडचेच आहे.

राजापेठेत, ट्यूशन क्लासांच्या आणि दुचाक्यांच्या दाटीत, लग्नपत्रिका छापणाराचे एक दुकान आहे. तेथे संगणकावर पत्रिका रचण्याची सरदारकी दीपमालाबाई वानखडे यांजकडे, उमर सत्तावीस. त्यांची धाकटी बहीण शालू इचे लग्न अकोल्याचे देवमनराव इंगळे यांचे चिरंजीव स्वप्निल यांशी ठरले, आणि वेळ मुक्रर जाहली ती मे महिन्याची अठरा तारीख, दुपारी साडेबारा. आता दोन्ही घरे बौद्ध. पंचांग आणि मुहूर्त यांस छप्पन्न सालीच कायमची रजा दिलेली. सबब साडेबाराचा हट्ट धरणारा एकही ग्रह आकाशात नव्हता. तरी साडेबारा! का, तर देवमनरावांचे स्वतःचे लग्न साडेबारास लागले, त्यांचे बंधूचेही साडेबारास लागले, आणि त्यामागे पंगत बरी बसते. मुहूर्त गेला, त्याचे ऊन तेवढे वारसाहक्काने राहिले.

आणि वधूपिता श्रावणजी, एसटीचे निवृत्त कंडक्टर, छातीत दोन स्टेंट बाळगून असलेले, यांनी पण केला की वरात दारी येईतो मी स्वतः दारात उभा राहीन. वरात तर दोन घंटे नाचल्यावाचून दारी येत नाही. मागील मे महिन्यात पुतण्याचे लग्नी ते ऐसेच उभे राहिले आणि उभ्याचे आडवे जाहले. डॉक्टरांनी तीन दिवस ठेवून घेतले आणि परत देताना बजावले की पुन्हा उन्हात उभे कराल तर आमच्याकडे आणू नका. त्या दिवसापासून दीपमालाबाईंस धड झोप नाही. या मोहिमेचा मुद्दा एवढाच, बाकी सगळे ढोलताशे.

लग्नाची वेळ बदलावी म्हणून दीपमालाबाईंची पहिली चढाई तापमानाच्या तक्त्यानिशी जाहली आणि पार फसली. अकोल्याहून देवमनरावांचे फर्मान सुटले : “ऊन काय आज नवं निंघालं काय? आमी उनातच लगन केलं, उनातच पोट्टे झाले!” आणि मग खुद्द श्रावणजीच शत्रूस फितूर होऊन म्हणाले, “माही पोरगी हाय, मी उभा राहीन.”

ऐसीयास अमरावतीत एका महाविद्यालयात दोन दिवसांचे शिबिर भरले. शिकविणाऱ्या रागिणीबाई, परगावच्या, आणि विषय ऐसा की आरेखनाच्या, म्हणजे डिझाइनच्या, हिकमतीने अनिश्चित भविष्याची चाहूल घ्यावी आणि त्यास वळण लावावे. तेथे जाऊन बसलेल्या दीपमालाबाईंस प्रथम वाटले, पोपटवाला ज्योतिषीच प्रोजेक्टर घेऊन आला. परंतु बाईंचा हुकूम निराळा होता : उद्या एक नसतो, पुष्कळ असतात, त्यांतल्या एकातली नित्याची वस्तू आज घडवा, माणसांच्या हाती द्या आणि स्वतः तोंड मिटून बसा. मग दीपमालाबाईंनी नवरदेवासाठी पंख्याचा फेटा काढला. रागिणीबाईंनी तो उलटासुलटा पाहून विचारले की हा फेटा कोण कशाला हाती धरील? सभा हसली आणि आमची नायिका चहाच्या टपरीपर्यंत माघार घेती जाहली. तेथे चहा निवेपर्यंत विचार केला, आणि मग ध्यानी आले की आपला मुलूख सरकारी नोटीस वाचत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी वाचत नाही, पण लग्नपत्रिका शेवटल्या ओळीपर्यंत वाचतो. कारण जो तो आपले नाव शोधतो.

मग दुसरे दिवशी पत्रिका सिद्ध जाहली. शालूची अद्याप न जन्मलेली कन्या, इचा मंगल परिणय, सन दोन हजार एक्कावन्न, माहे मे, वेळ पहाटे साडेचार. वरात एसी बसमधून येईल, बसल्या जागी हात हलवून नाचावे. सकाळी नऊनंतर रस्त्यावर दिसलेल्या पाहुण्याची जोखीम त्याची त्यास. आणि खाली निमंत्रकांत दोन्ही आजोबांची नावे. या घरांत जित्या माणसाच्या नावाआधी आयुष्मान लिहितात, गेलेल्याच्या नावाआधी कालकथित. दीपमालाबाईंनी दोहोंच्या नावांआधी दोन्ही शब्द छापले, आणि तळाशी सरकारी अर्जाप्रमाणे बारीक अक्षरांत ‘लागू नसेल ते खोडावे’. बापाच्या नावापाशी त्यांचा हात तीनदा थांबला. तरी छापले.

पत्रिका अकोल्यास पोचताच गदर जाहला. देवमनरावांचे बंधू बंडूजी यांनी फोनवरून जाब मागितला, “माहं नाव काहून नाई टाकलं?” आणि जिचा जन्म बाकी त्या नवरीच्या लग्नावरून ते रुसून बसले. दीपमालाबाईंनी शिबिराची शिस्त पाळून इतकेच कळविले की काका, शेवटपर्यंत वाचा. मग साऱ्या घराने शेवटपर्यंत वाचले, आणि दुसरे दिवशी खुद्द देवमनराव, सोबत पत्नी मैनाबाई, ऐसे अमरावतीवर चालून आले.

पत्रिका पाटावर आदळून ते गरजले, “हे कालकथित काहून लिवलं?” दीपमालाबाईंनी पेन पुढे केला, “मले काय मालूम, काका? तुमीच खोडा.” देवमनरावांनी कालकथितावर कागद फाटेल ऐसी रेघ ओढिली आणि पेन व्याह्यांस दिला. श्रावणजींनी पेन घेतला, नाव वाचले, आणि पेन तसाच राहिला. मैनाबाई बोलत्या जाहल्या, “खोडा ना! पण उनात नाचाल तं ते ऊन तुमची रेघ पाहून थांबते काय?” मग श्रावणजींनी लेकीकडे पाहिले आणि हळू विचारले, “तुले भेव लागते काय, पोरी?”

“हो बाबा. लय भेव लागते.” इतके बोलून दीपमालाबाई, ज्यांनी दोन दिवस तोंड मिटून ठेवण्याची विद्या घेतली होती, मोठ्याने रडल्या. आणि श्रावणजींनी पेन खाली ठेवून हुकूम दिला की वेळ बदला.

तह ऐसा ठरला की लग्न सकाळी नऊस लावावे. परंतु वऱ्हाडात नऊ छापले की बारा वाजतात, हे भविष्य सांगावयास शिबिर लागत नाही. सबब दीपमालाबाईंनी पत्रिकेत पहाटेचे साडेपाच छापले. पाहुणे नेमाने तीन घंटे उशिरा आले, तोवर वरात कडुनिंबाच्या सावलीत नाचली, पावणेनवास त्रिसरण-पंचशील होऊन लग्न लागले, साडेदहास पंगत उठली. बंडूजी तेवढे खरोखरच साडेपाचास आले, आणि त्यावरूनही रुसले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. उभय पक्षी जाया जाहले ते इतके : एक कूलरची मोटर, दोन ढोलवाल्यांची झोप. अठरा मे रोजी दुपारी साडेबारास पारा पंचेचाळिसावर होता, मंगल कार्यालयापुढले मैदान ओस होते, आणि वधूपिता आयुष्मान श्रावणजी वानखडे कार्यालयाच्या आतल्या खोलीत सतरंजीवर, पोटभर जेवून, लेकीच्या मांडीवर डोके ठेवून घोरत होते. दीपमालाबाई जाग्या बसून ते घोरणे ऐकत होत्या. कोणी हाक मारली तरी उठल्या नाहीत.